आढ्याला टांगलेलं बियाणं

आदरणीय इंदूबाई पहिल्यांदा माझ्या गिरणीत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात राळ्याची एक पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडाला निळ्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. नक्की साल मला आठवत नाही, आणि बाईंच्या या गौरव अंकात चुकीचं छापून येण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. बाई गारगोटीकडच्या शाळांमधून सगळी नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्या गावी, कागल आणि मुरगूडच्या मधल्या माळरानाकडेला, वडिलांच्या घरात राहायला आल्या होत्या. गिरणीच्या पत्र्याला तेव्हा दोन-चार भोकं होती. त्यांतून उन्हाच्या काठ्या खाली यायच्या आणि त्या उन्हात पीठ तरंगत राहायचं. त्या तरंगत्या पिठाच्या पलीकडं बाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, डोळ्यांवर चष्मा, हातात पिशवी. मला क्षणभर वाटलं, शाळा तपासायला कोणी साहेबीणबाई आल्या आणि वाट चुकून गिरणीत शिरल्या.

आमच्या गिरणीत तेव्हा एक रीत होती, माझ्या वडिलांपासून चालत आलेली. बौद्धवाड्यातल्या पिशव्या कोपऱ्यात वेगळ्या ठेवायच्या आणि बाकी सगळ्यांचं दळून झालं की शेवटी घ्यायच्या. ती रीत मी घातली नव्हती, पण मोडलीही नव्हती. हाताला सवय होती एवढंच आज म्हणता येईल, आणि तेवढं म्हणणं पुरत नाही हे मला कळतं. बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं, ते त्याच वाड्यातलं होतं, तशी मी त्यांची पिशवी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. बाईंनी ती उचलली, रांगेत जिथं तिची जागा होती तिथं आणून ठेवली आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, पिठाला नंबर असतो न्हवं?"

"असतो की," मी म्हणालो.

"मग हा चौथा."

रांगेतल्या बायका माझ्या हाताकडं बघू लागल्या. चौथ्या नंबराला मी बाईंची पिशवी घेतली. त्या दिवसापासून तो कोपरा रिकामा राहिला. पुढं मी तिथं बसायला बाकडं टाकलं.

पिशवी उघडली तर आत राळं. मी लहानपणी खाल्लं होतं, पण हाताळून कैक वर्षं झाली होती. आता तरुण मंडळींना सांगावं लागतं म्हणून लिहितो. राळ्याचा दाणा मोहरीएवढा असतो, पिवळा, गुळगुळीत आणि चकचकीत. साल काढली की आतला दाणा फिकट होतो आणि त्याचा भात करतात. त्याला पाणी फार लागत नाही, मुरमाड जमीन चालते. उसाचं पाणी वर चढलं तशी आमच्या भागातून राळ्याची शेतं एकेक करून उठली. बाई म्हणाल्या, "वरचा दगड जरा उचलून भरडा. पीठ पडू देऊ नका, नुसती साल निघाली पाहिजे."

"मी राळं कधी भरडलेलं न्हाय, बाई."

"मग आज दोघंबी शिकू."

अशी आमची ओळख झाली.

हा लेख मी फार घाबरत लिहितो आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं. एक पान लिहायला मला दोन दिवस लागतात, आणि लिहून झालं की चुकलं असेल म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहितो. या अंकात प्राचार्यांचे, डॉक्टरांचे, बाईंच्या मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांचे लेख असतील. त्यांच्यात माझं काय, असं माझ्या पत्नी गौरव्वाही म्हणाल्या. पण मला लिहिणं भाग आहे. गावात अजून असं बोललं जातं की मध्यंतरी दोन वर्षं बाईंनी भोगीला कुणाला राळं दिलं नाही, पेन्शन वाढल्यावर त्यांचा हात आखडला. ते खरं नाही. राळं संपलं ते माझ्यामुळं. बाईंनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि मला सांगायचं धाडस झालं नाही. आता बाईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत, मी त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठाच असेन. आम्ही दोघं आहोत तोवर हे छापून आलेलं बरं.

आधी बाईंच्या शेताबद्दल सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा माळाचा एक तुकडा आहे. खाली सगळा ऊस, वर हा एवढा एक तुकडा राळ्याचा. बाई नोकरीला होत्या तोवर त्यांच्या आईंनी तो पेरता ठेवला आणि जाताना बियाण्याचं गाडगं बाईंच्या हातात दिलं. श्रावणात मी एकदा गिरणी बंद ठेवून तिकडं गेलो होतो. झिमझिम चालू होती, ऊनही होतं. राळ्याची कणसं वाकली होती, प्रत्येक कणसावर बारीक लव आणि लवेवर पाण्याचे थेंब. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुके आणि पुन्हा सावकाश उभं राही, झोपेत कूस बदलल्यासारखं. बाई बांधावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी थोडं सरकून जागा दिली. आम्ही किती वेळ बसलो माहीत नाही. अजून मला दुपारची डुलकी लागली की तेच शेत दिसतं. त्यात बाई असतात, कधी माझे वडील असतात, आणि गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा कणसांचा आवाज येत असतो.

आमच्याकडं भोगीला राळ्याचा भात लागतो. मिसळीची भाजी, तीळ लावलेली भाकरी आणि राळ्याचा भात, त्याशिवाय भोगी झाल्यासारखी वाटत नाही. पण घरोघरी ऊस झाल्यावर राळं आणणार कुठून? मग बाया बाईंच्या दारात जाऊ लागल्या. ज्या घरांनी पूर्वी त्या दारातलं पाणी घेतलं नव्हतं, त्या घरांतल्याही जाऊ लागल्या. बाई प्रत्येकीला मापटंभर राळं देत. पैसे घेत नसत. एकीनं संकोचून विचारलं, "बाई, तुम्ही तर भोगी करत न्हाय, मग आमच्यासाठी एवढं कशाला?" बाई म्हणाल्या, "भोगी तुमची, राळं सगळ्यांचं. दोन मुठी बांधाला पेरा, म्हंजे पुढच्या वर्षी माझ्याकडं यायला नको." सगळ्या हो म्हणत आणि सगळ्या भरडून खात. पुढं पुढं बाईच एकदम पिशवी गिरणीत पाठवू लागल्या आणि मी भरडून वाटू लागलो.

आता माझी चूक.

एका वर्षी बाईंच्या घराची कौलं उतरवली होती, नवीन वासे घालायचे होते. घरात सगळा पसारा, उंदरांना रान मोकळं. दसऱ्यानंतर बाईंनी एक लहान पिशवी माझ्याकडं आणली आणि म्हणाल्या, "आप्पा, हे वर टांगून ठेवा. चिठ्ठी आत हाय." गिरणी कोरडी असते, मोटरीची ऊब असते. आढ्याला मी एक तार सोडली होती आणि तारेच्या मध्ये पत्र्याची थाळी अडकवली होती, म्हणजे उंदराला खाली उतरता येत नाही. तिथं मी पिशवी टांगली. तोंडाला नेहमीची निळी चिंधी होती.

इथं गिरणीची आणखी एक सवय सांगायला हवी. आम्ही गिरणीवाले पिशवी चिठ्ठीवरून ओळखत नाही, गाठीवरून ओळखतो. कुणाची सुतळी, कुणाची लाल चिंधी, कुणाची दोनदा मारलेली गाठ. लोक चिठ्ठ्या घालतात, आम्ही त्या काढून तराजूखाली ठेवतो. मला हाताचं लिहिलेलं तेव्हा धड वाचता येत नव्हतं. छापील अक्षर लागायचं तेही बोट ठेवून. पण ते मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

भोगीच्या आदल्या दिवशी गिरणीत बायकांची ही गर्दी. बाईंची वाटायची पिशवी सकाळीच आली होती. त्या वर्षी पाऊस ओढला होता आणि राळं थोडं झालं होतं, पिशवी अर्धीच होती. त्यात वीज दोनदा गेली. मी भरडून वाटायला घेतलं तर निम्म्या बायका व्हायच्या आधीच संपत आलं.

"आप्पा, मूठभर राळ्यात काय हुतंय? घरात बारा माणसं हाईत."

"गौरव्वाच्या चुलीवर मात्र पातेलं भरून चढल बगा."

"तर काय. गिरणीवाल्याचं पोट पिठानं भरतंय, भोगीला तेवढं राळं खातोय."

बायका हसल्या. माझा स्वभाव असा की कुणी नाराज झालं तर मला दोन दिवस जेवण जात नाही. मी वर बघितलं. आढ्याला निळ्या चिंधीची पिशवी. मनात आलं, बाईंनी दसऱ्यातच भोगीचं काढून ठेवलं होतं म्हणायचं. तार सोडली, गाठ उकलली, चिठ्ठी काढून तराजूखाली सरकवली आणि पिशवी दगडावर उलटी केली. घाईत दगड जरा जास्तच उचलला गेला होता. ते नंतर उपयोगाला आलं, पण तेव्हा मला कशाचंच भान नव्हतं. सगळ्यांना राळं पुरलं, थोडं उरलंसुद्धा. "बाईंनी औंदा सढळ हातानं दिलं की," म्हणत बायका गेल्या आणि मीही खूश झालो.

भोगी झाली, संक्रांत झाली. दोन दिवसांनी बाई गिरणीत आल्या. वर बघितलं. तार रिकामी होती.

"आप्पा, बी कुठं ठेवलं?"

"कसलं बी?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग तराजूकडं गेल्या, चिठ्ठ्या चाळल्या, एक बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती उलटी-सुलटी करत राहिलो. बाईंना तेव्हा कळलं की मला ती वाचता येत नाही. त्यांनी ती माझ्या हातातून हळूच परत घेतली आणि वाचून दाखवली. "बियाणे. दळू नये."

साल निघालेलं राळं उगवत नाही. ते बी त्यांच्या आईंनी जपलेलं होतं आणि आमच्या भागात ते दुसऱ्या कुणाकडं राहिलेलं नव्हतं. मी पोत्यांच्या थप्पीवर बसलो. मोटर चालूच होती, कुणाची तरी ज्वारी दगडात नुसती फिरत होती. बाईंनी जाऊन बटण बंद केलं. इतकी शांतता गिरणीत मी कधी ऐकली नव्हती. पत्र्यावर चिमणी चालत होती, तिच्या पायांचा आवाज येत होता.

बाई रागावतील म्हणून मी वाट बघत बसलो. त्या म्हणाल्या, "फोल कुठं टाकलंसा?"

फोल, म्हणजे भरडल्यावर निघालेली साल, गिरणीच्या मागं ढिगानं पडलं होतं. बाईंनी त्यातलं ओंजळभर उचललं, उन्हात धरलं, फुंकर मारली. तळहातावर दोन दाणे राहिले, सालीसकट, चकचकीत. दगड जास्त उचलल्यामुळं काही दाणे तसेच सुटले होते.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "हे बघा. उद्या सकाळी येते. गौरव्वांना सूप काढून ठेवायला सांगा."

"गावाला सांगू का, बाई? ज्यांनी नेलं त्यांच्या घरात राहिलं असलं थोडं तर…"

"काय सांगणार? गिरणीवाल्यानं ठेवलेली पिशवी भरडून वाटली? तुमच्याकडं मग दळायला कोण येईल?"

त्या वर्षी गावात दुसरी गिरणी सुरू झाली होती, नवी, चकचकीत. माझ्याकडची निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेली होती. बाईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "ही गोष्ट आपल्या तिघांत राहील." आणि राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई चार दगडी पाट्या घेऊन आल्या, शाळेतल्या, लाकडी चौकटीच्या. गौरव्वांनी फोल पाखडायचं, खाली उरलेलं आम्ही पाटीवर पसरायचं. काळ्या पाटीवर भरडलेला दाणा फिकट दिसे आणि साल असलेला चमके. तो ओल्या बोटाच्या टोकानं उचलून वाटीत टाकायचा. गौरव्वा निपाणीकडच्या, त्यांना बाईंसमोर बसून काम करायचा आधी संकोच वाटला. मग संकोच गेला आणि त्या बाईंना अक्का म्हणू लागल्या.

"अक्का, यांना मी लगीन झाल्यापासून सांगत आलेय, जरा दमानं घेत जावा."

"मग घेतलं का दमानं?"

"कुठलं? लग्नातबी अक्षतांच्या आधीच हार घातला होता यांनी."

बाई हसल्या. मी खाली मान घालून दाणे उचलत होतो. त्यानंतरचे काही दिवस मला सलग आठवत नाहीत, एकाच लांबलेल्या सकाळीसारखे आठवतात. पौषातलं कोवळं ऊन, सुपाचा आवाज, हवेत सोन्यासारखं उडणारं फोल, गुडघ्यावर पाटी घेऊन बसलेली आम्ही तीन म्हातारी माणसं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, शाळा भरली आहे. त्या सगळ्या ढिगातून एक वाटीसुद्धा भरली नाही.

बाईंनी त्यातले थोडे दाणे ओल्या किलतानात, म्हणजे गोणपाटाच्या तुकड्यात, गुंडाळले आणि चुलीजवळ ठेवले. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी गेलो तर त्यांनी किलतान उघडून दाखवलं. काही दाण्यांना सुईच्या टोकाएवढे पांढरे कोंब आले होते, सगळ्यांना नाही. मी बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "निम्मे उगवले. पुष्कळ झाले." भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, खाली पेटीवर चष्म्याचं घर होतं, आणि बाईंच्या हातात ते ओलं किलतान. मला तेव्हा रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

मृगात बाईंनी घराच्या परसात एवढ्याशा वाफ्यात ते पेरलं. माळावर पेरायला पुरेसं नव्हतं. दाणा भरायला लागला तशा चिमण्या आल्या. बाई पहाटे उठून वाफ्याजवळ खुर्ची टाकून बसत आणि वर्तमानपत्र हलवत. दुपारी गौरव्वा जात. भादव्यात कणसं कापून, काठीनं बडवून जे राळं झालं ते एका लहान पिशवीत मावलं.

ती पिशवी घेऊन बाई गिरणीत आल्या. कौलं घालून झाली होती, घर नवं झालं होतं, उंदीर राहिले नव्हते. बियाणं ठेवायला त्यांच्या घरात चांगली जागा होती. तरी त्या आल्या. तोंडाला निळी चिंधी. मी हात मागं घेतला. म्हणालो, "बाई, माझ्याकडं नको."

"तुमच्याकडंच. आता तुमच्याएवढं जपणारं गावात कोण हाय?"

मी तार खाली घेतली. पिशवी टांगली, पत्र्याची थाळी सरळ केली. तेव्हापासून रोज सकाळी गिरणी उघडली की मी आधी वर बघतो, मग दिवा लावतो.

त्या साली भोगीला राळं नव्हतं, आणि ते का नाही ते कुणाला सांगायचं नव्हतं. आदल्या दिवशी बायका येऊन परत गेल्या. दत्तू तात्या दळण घेऊन आले होते. तात्यांचा ऊस मोठा, आवाज त्याहून मोठा. बाई रांगेत होत्या.

"काय बाई, औंदा राळं आटलं वाटतं? पेन्शन वाढली की माणूस मापटं लहान करतंय व्हय?"

"चिमण्यांनी खाल्लं, तात्या," बाई म्हणाल्या.

"चिमण्यांनी. आम्ही तुमच्या दारात आलतो न्हवं, मान दिला न्हवं? तो टिकवायला पाहिजे हुता."

मी दगडापाशी उभा होतो, भुवयांवर पीठ बसलं होतं. तात्यांच्या डोक्यावर, आढ्याला, ती पिशवी टांगलेली होती. एक शब्द बोललो असतो तर बाई सुटल्या असत्या आणि गिरणी बुडाली असती. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून. मग तात्यांना म्हणाल्या, "तात्या, मान राळ्याला दिला हुता तुम्ही. राळं येईल परत. तवा पुन्हा द्या." आणि त्यांनी आपली पिशवी तराजूवर ठेवली.

पुढच्या वर्षी वाफ्याचा अर्धा तुकडा झाला, तरी वाटायला काही निघालं नाही. त्या भोगीलाही बाईंनी बोलणी ऐकली. तिसऱ्या वर्षी माळावरचा तुकडा पुन्हा पिवळा झाला. त्या भोगीला सगळ्यात आधी बाईंनी मापटं भरून तात्यांच्या घरी पाठवलं. माझ्याच हातून पाठवलं. तात्यांनी ते घेतलं आणि म्हणाले, "चिमण्या दमल्या वाटतं." मी तेव्हाही गप्प राहिलो. तेव्हा नवी गिरणी बंद पडली होती, मला भिण्याचं कारण उरलं नव्हतं, पण भ्यायची सवय उरली होती.

बाईंनी माझ्यावर आणखी एक उपकार केला. त्या दिवशी चिठ्ठी माझ्या हातून परत घेताना मला वाचता येत नाही याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. पण त्यानंतर त्यांच्या प्रत्येक दळणात चिठ्ठी येऊ लागली. आधी एक शब्द, "ज्वारी". मग "जरा जाडसर". मग "गौरव्वांचा खोकला कसा आहे? उत्तर पाठवावे." मी बायका गेल्यावर दार लोटून, बोट ठेवून वाचत असे. पहिलं उत्तर मी पेन्सिलीनं मागच्या बाजूला लिहिलं, "बरा आहे." पुढच्या दळणात तोच कागद परत आला. लाल शाईनं खाली "छान" लिहिलं होतं. त्या चिठ्ठ्या मी डब्यात ठेवल्या आहेत. आज हा लेख लिहिताना एखादं अक्षर अडलं तर डबा उघडतो आणि बाईंनी ते कसं काढलं आहे ते बघतो.

लेख लिहिण्याआधी मी बाईंना विचारायला गेलो. त्या ओट्यावर पाटी घेऊन राळं निवडत होत्या. आता त्यांना जवळचं कमी दिसतं, बोटांनीच दाणा ओळखतात.

"बाई, त्या वर्षाचं लिहू का?"

"इतकी वर्सं गप बसलासा, आता कसली घाई?"

"तुम्ही माझ्यासाठी गप बसलात. मी भिऊन बसलो."

बाईंनी पाटीवरचे दाणे एका बाजूला सारले. मग म्हणाल्या, "लिवा. पण राळं कसं पेरायचं तेबी लिवा. नुसतं रडगाणं छापू नका."

म्हणून लिहितो. जमीन हलकी असली तरी चालते, पाणी साचू देऊ नये. मृगाचा पहिला ओलावा धरून पेरावं. दाणा खोल जाऊ देऊ नये, वरच्यावर मातीआड झाला की पुरे. दाट झालं तर विरळ करावं. साधारण तीन महिन्यांत कापणीला येतं. चिमण्यांना त्यांचा वाटा काढून ठेवावा, पण राखणही करावी. बियाण्याची कणसं आधी वेगळी काढावीत, मग खायचं बघावं. आणि पिशवीत चिठ्ठी घातली असेल तर ती वाचावी.

हा अंक काढणाऱ्या समितीत दत्तू तात्याही आहेत. हा लेख त्यांच्या हातूनच छापायला जाणार, हे मला माहीत आहे, आणि या विचारानं आठ दिवस माझं जेवण कमी झालं आहे. तात्या, तुम्ही मोठ्या मनाचे आहात, पूर्वी बोललात ते ठाऊक नसल्यामुळं बोललात. त्या दिवशी पिशवी तुमच्या डोक्यावर होती आणि चूक करणारा पिठानं माखून तुमच्यासमोर उभा होता. हा लेख लांब झाला असेल तर मी लिहिलेल्या शेताच्या, स्वप्नाच्या ओळी काढून टाका. बाईंवरचा बोल खोटा होता, एवढी ओळ मात्र राहू द्या.

बाईंना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. दर वर्षी मृगाच्या आधी त्या काठी टेकत गिरणीच्या दारात येतात, तरंगत्या पिठापलीकडं उभ्या राहतात आणि विचारतात, "आप्पा, बी हाय न्हवं?" मी वर बघतो, निळी चिंधी दिसते, आणि मग म्हणतो, "हाय की, बाई." बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि हा प्रश्न त्यांनी पुढची पुष्कळ वर्षं विचारत राहावा, एवढंच मागणं आहे. ज्या वर्षी उत्तर द्यायला मी नसेन, त्या वर्षीही तारेला पिशवी असावी, आणि तिच्याखाली चिठ्ठी वाचून बसलेलं कोणीतरी असावं.